कुंपणापलीकडे गेलेली हरणी

ड्वेन ह्रुस्का मार्चमध्ये गेला. गोठ्यात, धारा काढताना. त्याच्या मातीला जेवढी माणसं आली होती, त्याहून जास्त माणसं ऑगस्टमध्ये त्याच्या बायकोच्या दारात येऊन गेली असं मी म्हटलं, तर त्यात फार खोटं नाही.

कुणी काकडीचं लोणचं आणलं, कुणी मक्याची कणसं, कुणी झुकिनीचा गोड पाव. एक दातांचा डॉक्टर तर थेट मॅडिसन शहरातून फुलं घेऊन आला. सगळ्यांचं बोलणं एकाच वळणानं जायचं. आधी ड्वेन किती भला माणूस होता. मग एकट्या बाईनं एवढं सांभाळायचं म्हणजे किती कठीण. आणि शेवटी गाडीचं दार उघडता उघडता, अगदी आत्ताच आठवल्यासारखं, "मागच्या टेकडीवर यंदा कुणी शिकारीला बसणार आहे का हो?"

ड्वेनची टेकडी आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होती. वर ओकचं दाट रान, खाली ओढा, ओढ्याच्या दोन्ही अंगांना मका. हरणांना याहून अधिक काय लागतं? ड्वेननं तिथं आयुष्यभर कुणाला पाय ठेवू दिला नव्हता.

त्याची बायको व्हर्ना माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती जन्माचीच संशयी. लहानपणी मी माझ्या डब्यातलं अर्धं सँडविच तिला दिलं, की ती आधी ते उघडून बघायची, मी आतलं काय काढून घेतलंय ते. पुढं शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागली, तेव्हा दुधाचं प्रत्येक खोकं नाकाला लावल्याशिवाय आत घ्यायची नाही. दुधाची गाडी चालवणारा तिला टरकून असायचा.

त्या डॉक्टरला ती म्हणाली, "शिकारीला मी बसणार आहे."

"तुम्ही? बंदूक घेऊन?"

"धनुष्य घेऊन."

हे तिनं का म्हटलं ते तिनं मला नंतर सांगितलं. आमच्याकडं बंदुकीनं हरीण मारायला नोव्हेंबरच्या शेवटी थोडेच दिवस मिळतात. धनुष्याचा हंगाम मात्र सप्टेंबरात सुरू होतो तो जानेवारीपर्यंत चालतो. म्हणजे धनुष्य म्हटलं, की अख्खा हंगाम रान अडवून ठेवता येतं. यात हरीण मारायचा विचार कुठंच नव्हता. पण आमच्या गावात बोललेलं लपत नाही. रविवारपर्यंत चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना कळलं, की व्हर्ना ह्रुस्का धनुष्य घेऊन झाडावर बसणार. मग ते खरं करून दाखवण्यावाचून तिला इलाज उरला नाही.

तिनं ड्वेनचं जुनं, दोन्ही टोकांना कप्प्या लावलेलं धनुष्य काढलं आणि कोठाराच्या भिंतीला गवताची गठडी लावून अंगणात उभी राहिली. दोरी काही मागं येईना. दात आवळून, कंबर वाकवून ओढली तेव्हा कुठं ती अर्धी आली, आणि खांद्यात कळ उठली.

"ते ठेव खाली," कुंपणापलीकडून आवाज आला. "ड्वेन बैलासारखा होता. त्याचं धनुष्य तुला नाही झेपायचं."

कुंपणापलीकडं ऑर्विल टोफ्टे उभा होता. सत्तरीचा, वाळलेला, बायको वारलेली. शेत लागून असूनही त्याच्यात आणि ड्वेनमध्ये वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. 'ऑर्विलनं माझं हरीण ढापलं,' हे वाक्य व्हर्नानं लग्नानंतर इतक्यांदा ऐकलं होतं, की ऑर्विल म्हटलं की तिला ते हरीणच आठवायचं.

"तुम्हाला काय हवंय?" तिनं विचारलं.

"काही नको."

"काही नको असलेली माणसं इथवर चालत येत नाहीत."

ऑर्विल हसला नाही, रागावलाही नाही. दुसऱ्या दिवशी तो नातीचं धनुष्य घेऊन आला. नात कॉलेजात गेली होती, ते नुसतं टांगून होतं. हलकं होतं, व्हर्नाच्या हाताच्या मापाचं होतं. व्हर्नानं ते घेतलं, पण तडक तालुक्याच्या दुकानात नेऊन दाखवलं. दुकानदारानं कप्प्या फिरवून बघितल्या आणि म्हणाला, उत्तम आहे. तिनं तरीही दोरी नवी घालून घेतली.

ती सरावाला लागली. ऑर्विल कुंपणावर कोपरं टेकून बघायचा आणि मधून एखादं वाक्य टाकायचा. "उभ्यानं काय मारतेस, मचाणावर बसलेली असशील. खुर्चीवर बसून मार." किंवा, "गवताच्या माळ्यावर चढून खाली मारून बघ." किंवा, "हा सदरा कशाला? जाड कोट घाल. थंडीत काय सदऱ्यावर बसणार आहेस?"

व्हर्नाला वाटायचं, हा आपली चेष्टा करतोय. भर उन्हात जाड कोट घालून खुर्चीवर बसलेली बाई बघायला रस्त्यावरून जाणाऱ्यांनी गाड्या थांबवल्या असत्या. पण ऑर्विल दुधाच्या संघाच्या बैठकीला गेला, त्या दिवशी तिनं गुपचूप कोट चढवला. दोरी सुटली ती बाहीला घासून, आणि बाण कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला. ऑर्विलचं म्हणणं खरं होतं तर. यानं तिला समाधान वाटायचं सोडून आणखीच घोर लागला.

"हा खरं का सांगतोय?" तिनं मला विचारलं. "त्याला काय मिळणार आहे यातून?"

"शेजारी आहे, व्हर्ना."

"म्हणूनच विचारतेय."

आमचं खाटकाचं दुकान आहे. शरदात सगळा मुलूख मारलेली हरणं आमच्याकडं घेऊन येतो, आम्ही मांस कापून, सॉसेज करून देतो. त्यामुळं कुणी काय मारलं आणि कुणी काय मारलं म्हणून सांगितलं, या दोन्ही गोष्टी माझ्या कानावर येतात. शिकारी माणूस आपल्या जागेबद्दल सख्ख्या भावालाही खरं सांगत नाही, हे मी तिला सांगायला नको होतं. मी सांगितलं.

एका माणसावर मात्र व्हर्नाचा संशय नव्हता. ड्वेनचा धाकटा भाऊ लीलंड. भाऊ गेल्यापासून तो दर आठवड्याला यायचा. लाकडं फोडून द्यायचा, पन्हळी साफ करायचा, कोलाचे, म्हणजे आमच्याकडचे सारण भरलेले गोड पाव, खाऊन जायचा. व्हर्ना खसखशीचे कोलाचे करते तसे आमच्याकडं आता कुणी करत नाही. लीलंडनं शिकारीचं नावही काढलं नव्हतं. "माझा गुडघा गेलाय, वहिनी," तो म्हणायचा. "शिडीच्या दोन पायऱ्या चढलो तरी डोळ्यांपुढं काजवे चमकतात. मी कसला मचाणावर बसतोय आता?" आणि जाताना गाडीच्या खिडकीतून, "तेवढं त्या ऑर्विलवर लक्ष ठेवा. दादा उगाच बोलत नव्हता."

मचाण ऑर्विलनं लावून दिलं असतं, पण व्हर्नानं ते लीलंडच्या मदतीनं लावलं. लीलंडनं खाली उभं राहून शिडी धरली आणि ती वर चढून पट्टे आवळत गेली. ऑर्विलनं आधी एवढंच सांगितलं होतं, "जंगली सफरचंदाच्या झाडापाशी लावू नको. इकडं वारा बहुतेक पश्चिमेचा. तू सफरचंदापाशी बसलीस, की तुझा वास ओढ्यातून वर येणाऱ्या हरणांच्या नाकात जाणार."

ओढ्यातून वर येणारी हरणं वास लागला की उधळणार, आणि उधळून जाणार कुठं, तर ऑर्विलच्या रानात. मग तो असं का सांगेल? व्हर्नानं यावर रात्रभर विचार केला आणि ठरवलं, की सफरचंदापाशीच हरणं येत असणार आणि तिथं आपण बसू नये म्हणून हा असं सांगतोय. तिनं मचाण सफरचंदापाशीच लावलं.

सप्टेंबर सगळा असाच गेला. हरणं यायची, ओढ्याच्या काठावर थबकायची, मान वर करायची, पुढचा पाय जमिनीवर आपटायची आणि फुर्र करून नाकातून असा आवाज काढायची, की सगळ्या रानाला कळावं. मग पांढऱ्या शेपट्या वर करून कुंपणापलीकडं. एकदा एक हरणी तिथूनच वळून बघत राहिली. "मला वाटलं, ती हसतेय," व्हर्ना म्हणाली.

शेवटी तिनं ओढ्याकाठच्या रुईच्या जातीच्या झुडपाची एक शेंग फोडली आणि मचाणावरून आतल्या म्हाताऱ्या एकेक करून सोडल्या. पांढऱ्या म्हाताऱ्या तरंगत तरंगत नेमक्या हरणांच्या वाटेवर जाऊन उतरल्या. त्या संध्याकाळी तिनं मचाण सोडवलं आणि पलीकडच्या उतारावर नेलं. ऑर्विलला तिनं हे सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी कुंपणावर कोपर टेकून त्या उताराकडं बघत बराच वेळ उभा राहिला. त्याचाही तिला राग आला.

ऑक्टोबरच्या मध्याला तिला पहिली संधी मिळाली. सकाळचं कोवळं ऊन होतं, एक जवान नर ओकची फळं खात खात खालून येत होता. तिनं तो झाडाआड जाईपर्यंत थांबून दोरी ओढली, इथवर सगळं बरोबर केलं. पण नेम धरायचा सोडून ती हरणाकडंच बघत राहिली. बाण सुटला त्याच वेळी हरणानं पाऊल टाकलं. बाण खांद्यामागं लागायचा तो पोटात मागं लागला. हरीण पाठ वाकवून ओढ्याच्या दिशेनं गेलं.

ऑर्विलनं तिला हेही सांगून ठेवलं होतं. बाण मागं लागला तर उतरून घरी जायचं, दुपार होऊ द्यायची. जखमी हरीण पहिल्याच झुडपात जाऊन बसतं. त्याला बसू दिलं तर तिथंच मरतं. मागं गेलीस तर उठतं आणि मग देवही त्याला शोधून देणार नाही.

पण बाण सुटल्याबरोबर तिच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर ते ड्वेनचं वाक्य. हरीण कुंपणाच्या बाजूला गेलंय. आपण घरी जाऊन बसायचं आणि यानं येऊन उचलायचं, म्हणूनच 'थांब, थांब' चाललं होतं तर. ती तशीच उतरली आणि रक्ताच्या थेंबांमागं जवळजवळ पळत सुटली. ओढ्याकाठच्या वेलींत हरीण खरंच बसलेलं होतं. तिला बघून ते उठलं, धडपडलं, आणि कुंपणावरून उडी मारून ऑर्विलच्या रानात दिसेनासं झालं.

आमच्याकडं दुसऱ्याच्या जमिनीत त्याला विचारल्याशिवाय शिरता येत नाही, मग तुमचं हरीण का असेना. विचारायला हवं होतं. ऑर्विलचं घर समोर दिसत होतं, धुराड्यातून धूर येत होता. व्हर्ना कुंपणाशी उभी राहिली आणि घरी परत आली.

चार दिवसांनी ऑर्विलच्या टेकडीवर कावळे जमले. तेव्हा मात्र ती त्याच्या दाराशी गेली. तो टोपी घालून तिच्याबरोबर निघाला. कोल्ह्यांनी फारसं काही ठेवलं नव्हतं. तिचा बाण बरगड्यांच्या बाजूला मोडून पडला होता.

"मला त्याच दिवशी बोलवायचं होतंस," ऑर्विल म्हणाला.

"बोलावलं असतं तर येऊ दिलं असतं?"

त्यानं उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला, असं तिला वाटलं. मग तो म्हणाला, "हो."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडं आली. दुकानाच्या मागच्या बाजूला पिंपावर बसली आणि रडली. मी तिला ड्वेनच्या मातीतही रडताना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मी त्याला दोनदा मारलं. एकदा बाणानं आणि एकदा मागं पळून." हंगाम सोडून दे, असं मी म्हणाले. तिनं नाक पुसलं आणि मान हलवली. "एवढं करून आता सोडलं, तर ते उगाच मेलं."

यानंतर तरी ती निवळेल असं मला वाटलं होतं. पण त्याच सुमारास तिच्या रानात काहीतरी खरोखरच वेगळं दिसू लागलं. ओढ्याच्या कोपऱ्याला, कुंपणाजवळ, चिखलात बुटांचे ठसे. एका झाडाला, गुडघ्याच्या उंचीवर, पानांत दडवलेला कॅमेरा, हरणं जातील तेव्हा आपोआप फोटो काढतो तसला. तिनं तो काढून आणला, पण तो उघडायचा कसा ते तिला कळेना. लीलंडनं मदत केली. आतलं कार्ड काढून घरी नेलं आणि दोन दिवसांनी सांगितलं, रिकामं आहे. "असाच कॅमेरा मी ऑर्विलच्या गाडीत पाहिलाय, वहिनी. मी काही म्हणत नाही. फक्त पाहिलाय एवढं सांगतो."

आणि मग तो पट्टा.

मचाणावर चढण्याआधी व्हर्ना दर वेळी खालपासून वरपर्यंत हात फिरवून बघायची. सवयच तशी. एका पहाटे खोडाभोवतीचा वरचा पट्टा तिच्या बोटांना मऊ लागला. टॉर्च लावून बघितलं, तर पट्टा जवळजवळ आरपार गेलेला, चार धाग्यांवर लटकलेला. चढली असती तर मचाणासकट खाली आली असती. तिला शंकाच उरली नाही. कुणीतरी सुरीनं कापला होता.

शुक्रवारी सगळं गाव खानावळीत मासे खायला जमतं. ऑर्विल नेहमीच्या टेबलावर एकटाच बसला होता. व्हर्ना आत आली, सरळ त्याच्यासमोर गेली आणि तो पट्टा त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"माझं मरण तुम्हाला कशासाठी हवंय, तेवढं सांगा."

 ऑर्विलनं हातातला मासा खाली ठेवला, बोटं पुसली, पट्टा उचलून दिव्यापाशी धरला आणि परत ठेवला.

"हे मी सांगून तुला पटणार नाही," तो म्हणाला. "वॉर्डनला दाखव."

"दाखवणारच आहे."

"बरं." आणि तो जेवू लागला. तो शांत बसला यावरून अर्ध्या खानावळीनं त्याला निर्दोष धरलं आणि अर्ध्यांनी गुन्हेगार. माझा नवरा दुसऱ्या अर्ध्यात होता.

वनखात्याची वॉर्डन, डॅना नावाची तरुण मुलगी, सोमवारी आली. तिनं पट्टा बघितला, मग वर चढून खोड बघितलं. उतरली तेव्हा तिच्या तळहातावर धाग्यांचा बोळा होता.

"खार," ती म्हणाली. "हे बघा, दातांच्या खुणा. सुरीनं एवढी बारीक कुरतड होत नाही. वरच्या फांदीवर घरटं आहे, त्यात तुमचा अर्धा पट्टा अंथरलाय. दर साली होतं हे, मावशी. पट्टे दर वर्षी नवे घालायचे असतात. बरं झालं, तुम्ही हात फिरवून बघितलंत. सगळे बघत नाहीत."

बातमी पसरायला दुपारही लागली नाही. पुढचे कित्येक दिवस खानावळीत कुणी दार ढकलून आलं, की कुणीतरी विचारायचं, "पकडली का खार?" व्हर्ना बाहेर पडेनाशी झाली. डॅना जाताना आणखी एक गोष्ट म्हणाली होती, ती मात्र हसण्यात बुडाली. ती म्हणाली होती, "पट्ट्याचं सोडा. बुटांचे ठसे काही खारीचे नाहीत. तो कोपरा मी बघत राहीन, तुम्हीही बघा."

ऑर्विलची माफी मागायला व्हर्ना कोलाच्यांचं ताट घेऊन गेली. त्यानं ते घेतलं आणि म्हणाला, "विष नाही ना घातलंस?" तिला ते लागलं. मग तिच्या लक्षात आलं, की आजवर हा प्रश्न तीच सगळ्यांना विचारत आली होती.

नोव्हेंबर लागला. नर माद्यांच्या मागं धावू लागले, दव गोठून गवत पांढरं पडायला लागलं. अशाच एका सकाळी एक मोठी हरणी एकटीच उतारावरून आली. व्हर्ना सांगते, या वेळी तिनं हरणाकडं बघितलंच नाही. खांद्यामागचा फक्त एक केस निवडला आणि त्याच्याकडं बघत राहिली. बाण सुटला. हरणी उसळली आणि ओढ्याकडं गेली.

व्हर्ना मचाणावरच बसून राहिली.  मग उतरली, बाण शोधला, आणि माग न काढता उलट दिशेनं चालत ऑर्विलच्या दाराशी गेली.

ऑर्विलनं बाण नाकाशी नेला, रक्त बोटांवर चोळलं. गडद, काळसर लाल होतं. "छातीच्या जरा मागं, यकृतात लागलाय. मरेल. पण दुपारपर्यंत हलायचं नाही."

"ती तुमच्या बाजूला गेली असेल."

"असेल."

"मग परवानगी?"

"दिली. बस गाडीत, हीटर चालू करतो."

पिकअपमध्ये दोघं कॉफी घेऊन बसले. गेल्या कित्येक वर्षांत ह्रुस्का आणि टोफ्टे या घरांतली माणसं इतका वेळ एका जागी बसली नव्हती. काचांवर वाफ धरली. मग व्हर्नानं जे सगळा हंगाम मला विचारलं होतं, ते त्याला विचारलं.

"तुम्ही मला का शिकवताय?"

ऑर्विलनं समोरची काच पुसली. "ड्वेननं तुला काय सांगितलं होतं?"

"तुम्ही त्याचं हरीण ढापलं."

"ढापलं नाही. त्यानं मोठा नर मारला होता, माझ्या रानात येऊन पडला. तो परवानगी मागायला आला. त्या वर्षी त्याच्या गाई माझ्या मक्यात शिरल्या होत्या, मी चिडलेलो होतो. मी नाही म्हणालो." त्यानं काच परत पुसली. "मीही त्याला हात लावला नाही. तिथंच कुजला तो. गेल्या महिन्यात तू कावळे बघून आलीस ना, तीच जागा."

 खरं असेल का, हा विचार व्हर्नाच्या मनात तेव्हाही आला. ढापलं म्हणण्यापेक्षा कुजू दिलं म्हणणं अधिक लाजिरवाणं होतं, आणि लाजिरवाणं कुणी उगाच रचून सांगत नाही, असा तिनं हिशेब केला. हे मला तिनं सांगितलं तेव्हा तीसुद्धा जरा हसली.

दुपारी दोघं निघाले. थेंब स्पष्ट होते. व्हर्ना पुढं वाकून, पानापानावर रक्त बघत चालली होती, ऑर्विल मागं प्रत्येक थेंबापाशी कागदाचा तुकडा अडकवत होता. माग ओढ्याच्या कोपऱ्याकडं गेला, जिथं ते ठसे होते. एका जाड ओकच्या बुंध्याशी थेंब पडला होता, आणि त्याच्या बाजूला तंबाखूची ताजी पिंक.

व्हर्नानं मान वर केली.

झाडावर, तिच्या डोक्याच्या बरोबर वर, फांद्यांत दडवलेल्या मचाणावर लीलंड बसला होता. अंगाला पानांच्या रंगाचे कपडे, मांडीवर धनुष्य. त्यानं श्वास रोखून धरला होता. खाली बघत होता, पण बघत नसल्यासारखा.

 व्हर्ना म्हणाली, "गुडघा कसा आहे?"

"वहिनी, मी सांगणारच होतो."

"कधी?"

"हंगाम संपल्यावर."

"कॅमेरा तुझाच?"

लीलंडनं टोपी डोळ्यांवर ओढली.

"आणि कार्ड रिकामं होतं?"

"त्यात... होते दोन-चार फोटो."

ऑर्विलनं घसा खाकरला. "व्हर्ना, हे घरचं काय ते नंतर बघा. ऊन उतरायला लागलंय." मग त्यानं वर बघितलं. "ए, हरणी दिसली का इथून जाताना?"

लीलंडच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय उमटलं असेल, ते बघायला मी तिथं हवी होते. नाही म्हणावं तर खोटं उघडं पडणार, हो म्हणावं तर सकाळपासून इथंच बसल्याचं कबूल होणार. पुढं माग ओढ्याच्या खडकांवर गेला होता, तिथं थेंब दिसत नव्हते.

"दिसली," तो म्हणाला. "खडकांवरून वर गेली. कुंपणाच्या त्या पडक्या खांबापाशी तिनं उडी मारली, आणि पलीकडं सीडरच्या झुडपांत आडवी झाली. परत उठली नाही. मी सकाळपासून बघतोय."

"सकाळपासून बघतोयस आणि खाली उतरला नाहीस," व्हर्ना म्हणाली.

"उतरलो असतो तर तुम्ही पाहिलं असतं."

हरणी सीडरच्या झुडपांतच होती. डोकं एका अंगाला टाकून, झोपल्यासारखी. व्हर्ना तिच्या मानेवर हात ठेवून जरा वेळ बसली. ऑर्विल टोपी काढून बाजूला उभा राहिला. नंतर त्यानं तिच्या हातात सुरी दिली आणि कुठून सुरुवात करायची ते दाखवलं. तिनं स्वतः पोट फाडलं, सगळं स्वतः काढलं. एकदा बाजूला जाऊन ओकून आली आणि परत बसली.

ओढायची वेळ आली तेव्हा तिनं ओढ्यापलीकडं हाक मारली. "लीलंड, खाली ये. टेकडी चढायची आहे. गुडघा बरा झालाय तुझा."

त्यानं एकट्यानं ती हरणी टेकडीवर ओढत नेली. व्हर्ना आणि ऑर्विल मागून चालत होते. वाटेत तो एकदा थांबला आणि म्हणाला, "वहिनी, हे रान दादाचं होतं. मी इथंच लहानाचा मोठा झालो. सगळ्यांसारखं टोपी हातात घेऊन तुमच्या दाराशी यायचं मला जिवावर आलं."

"आला असतास तर मी हो म्हटलं असतं," व्हर्ना म्हणाली.

"खरं?"

तिनं त्याला पुढं चालायची खूण केली. मला तिनं सांगितलं, की ते तिलाच ठाऊक नव्हतं.

हरणी आमच्या दुकानात आली. लीलंडला मी कधी माफ केलं नाही, पण व्हर्नानं डॅनाला त्याचं नाव सांगितलं नाही. त्याचं मचाण तिनं झाडावरून उतरवायला लावलं, आणि सबंध हिवाळा तो कोलाच्यांशिवाय राहिला. पुढच्या ऑगस्टमध्ये तो टोपी हातात घेऊन दाराशी आला. तिनं त्याला बाहेर ओसरीवरच उभं केलं आणि बंदुकीच्या हंगामात वरच्या टेकडीवर बसायची परवानगी दिली. ओढ्याचा कोपरा सोडून.

त्या कोपऱ्यात आता ती स्वतः बसते. ऑर्विल कुंपणापलीकडं त्याच्या बाजूला बसतो. एकमेकांना दिसत नाहीत इतक्या अंतरावर, पण एकाचा बाण सुटल्याची धप्प दुसऱ्याला ऐकू जाते. मग ज्याची शिकार असेल तो उतरतो, दुसऱ्याच्या दाराशी जातो, आणि दोघं गाडीत बसून वेळ जाण्याची वाट बघतात. काय बोलतात, ते व्हर्ना मला सांगत नाही. विचारलं की म्हणते, "तुला कशाला हवंय?" आणि डोळे बारीक करून माझ्याकडं बघते.